काचा झाडून झाल्यावर

दगडफेक थांबली की गल्लीत वेगळाच आवाज सुरू होतो. खराट्याने काचा ओढल्याचा. बेळगावचा खडेबाजार असो, गणपत गल्ली असो की निपाणीतली एखादी पेठ, शटर अर्धे वर करून दुकानदार आधी काचा झाडायला घेतो. कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून, आणि आपल्या दारातला तो पसारा बघवत नाही म्हणूनही. चांगल्या माणसाची सवय आहे ती. पण भरपाईच्या हिशोबात त्याची पहिली खोट तिथेच बसते. कचऱ्याच्या गाडीत गेलेल्या काचेचा पंचनामा होत नाही.

सीमाभागातल्या दंगलींवर पुष्कळ लिहून झाले आहे, आणि त्यातले बहुतेक पहिल्या दिवसाबद्दल. आधी हात कुणी उचलला, पोलीस कुणाच्या बाजूने होते, कोणत्या नेत्याने काय म्हटले. या प्रश्नांची दोन भाषांतली दोन उत्तरे १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले तेव्हापासून सगळ्यांना पाठ आहेत. दुसऱ्या दिवसाकडे मात्र कुणी फिरकत नाही. दगड पडतात तेव्हा सरकार हजर असते, तेही गाड्या भरभरून. त्यानंतरचे काम कंटाळवाणे असते, कागदाचे असते, वर्षानुवर्षे चालणारे असते. तिथे सरकार दिसत नाही, आणि शेजार तुटतो तो तिथेच, असे माझे मत आहे.

आपल्याकडच्या तणावाला तारखा असतात. १७ जानेवारी हुतात्मा दिन. १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकावर १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गेलेल्यांना अभिवादन. १ नोव्हेंबरला एकाच शहरात एका बाजूला राज्योत्सवाच्या मिरवणुका आणि दुसऱ्या बाजूला काळ्या दिवसाची सायकल फेरी. डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन. त्यात गणेश विसर्जन आणि बेळगावची वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक मिळवा. बदलून आलेल्या डीसींना, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना, पहिल्या आठवड्यातच हे कॅलेंडर भिंतीवर टांगता येईल. इतक्या ठरलेल्या तारखा असूनही तयारी एकाच जातीची होते : बंदोबस्त. बॅरिकेड, राखीव पोलीस, सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्या नेत्यांच्या गाड्या अडवणे. दुसऱ्या दिवसासाठी काय तयार ठेवले आहे, हे कुणी विचारत नाही. पंचनाम्याची पथके, दोन भाषांतली पत्रके, बसची पर्यायी व्यवस्था, यांची यादी कुठल्याच बैठकीत वाचली जात नाही.

आणि ठिणगी बऱ्याचदा इथे पडतच नाही. डिसेंबर २०२१ ची साखळी पाहा. बेळगावात अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्यात समितीच्या एका नेत्याच्या तोंडाला काळे फासले गेले. मग कोल्हापुरात कन्नड ध्वज जाळला गेला. मग बंगळुरात सदाशिवनगरातल्या शिवरायांच्या पुतळ्यावर शाई ओतली गेली. तो व्हिडिओ १७ डिसेंबरला बेळगावच्या मोबाइलांवर फिरला, रात्री संभाजी चौकात जमाव जमला, सरकारी गाड्यांवर दगड पडले आणि उजाडायच्या आत शहरातल्याच अनगोळात संगोळ्ळी रायण्णाच्या, इंग्रजांशी लढलेल्या आणि कन्नड अस्मितेचे प्रतीक झालेल्या वीराच्या, पुतळ्याची मोडतोड झाली. आठवडाही न भरता दोन राज्यांतल्या तीन शहरांतून फिरून गोष्ट पुन्हा जिथे सुरू झाली तिथेच आली. बंगळूर इथून सुमारे ५०० किलोमीटर. तिथली शाई आणि इथला दगड यांच्यात जे काही तास होते, तेवढीच सरकारची खरी मुदत होती. (रायण्णाला १८३१ साली फाशी दिली ती खानापूर तालुक्यातल्या नंदगडला, आणि त्या तालुक्यात घरोघरी मराठी बोलली जाते. पण पुतळ्यांची भांडणे लावणाऱ्यांना भूगोलात रस नसतो.)

त्या तासांत करण्यासारखे काय असते? शहरातले सगळे पुतळे माहीत असतात, त्यांची यादी पोलीस ठाण्यात असते. पुतळ्याला पहारा लागावा ही लाजेची गोष्ट आहे, पण लागतो. एकच कॅमेरा असला तर येणारा पाठमोरा येतो, म्हणून दोन कोनांतून दोन लागतात. दिव्याची आणि कॅमेऱ्याची वीज एकाच खांबावरून घेतली तर एक वायर तोडली की दोन्ही जातात, म्हणून कॅमेऱ्याला बॅटरीचा आधार हवा. चित्रण साठवणारे यंत्र चौथऱ्याजवळच्या पेटीत ठेवले तर फोडणारा तेही घेऊन जातो, ते ठाण्यात असायला हवे. इतके करूनही काही घडलेच, तर पाण्याचा पाइप घेऊन धावू नये. आधी फोटो, ठसे, पंचनामा. मग दुरुस्ती, आणि ती दोन्ही बाजूंच्या चार वडीलधाऱ्यांना उभे करून. ताडपत्रीखाली चोरून केलेली दुरुस्ती नव्या अफवेला जन्म देते.

अफवेचेही तसेच. गंगावतीपासून कागलपर्यंत कुठलाही जुना व्हिडिओ ‘आत्ताचा, बेळगावचा’ म्हणून फिरू शकतो. पोलिसांचा खुलासा येतो तो बहुधा कन्नडमध्ये. मराठी मोबाइलवरची अफवा त्या खुलाशाला कधी भेटतच नाही, ती दुसऱ्या दिवशीच्या पेपरापर्यंत रात्रभर मोकळी फिरते. खुलासा कन्नड, मराठी आणि उर्दूत एकदमच यायला हवा, तासाभरात यायला हवा आणि त्यात चार गोष्टी हव्यात : काय घडले, कुठे, गुन्हा नोंद झाला का, आणि काय घडलेले नाही. ‘नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये’ हे वाक्य काढून टाकले तरी चालेल. अफवा कोणती हे न सांगता तिच्यावर विश्वास ठेवू नका म्हटले की लोक ती शोधून वाचतात. इंटरनेट बंद करणे हा सोपा उपाय वाटतो, पण त्याबरोबर खुलासाही बंद होतो, आणि बाजारपेठेतला दिवसाचा अर्धा व्यवहार आता क्यूआर कोडवर चालतो. शिवाय २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की इंटरनेटबंदीचा आदेश प्रसिद्ध करावा लागतो आणि ती बेमुदत ठेवता येत नाही.

बळाच्या वापराबद्दल थोडेच, कारण त्यावर सगळेच बोलतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ प्रमाणे जमावाला पांगायला सांगावे लागते. ते सांगणे जमावाला कळेल अशा भाषेत असावे, ही साधी गोष्ट आहे, पण बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या तुकडीकडून ती राहून जाते. बेळगावच्या जुन्या गल्ल्या अरुंद आहेत. पोलीस दोन्ही तोंडांनी आत आले की जमावाला जायला रस्ता उरत नाही, मग तो घराघरांत शिरतो, त्याच्यामागे पोलीस शिरतात आणि मार खातो घरात बसलेला म्हातारा. एक तोंड मोकळे ठेवायचे असते. त्याच गल्लीत अश्रुधुराचे नळकांडे फोडले तर धूर माडीवर चढतो आणि पाळण्यातल्या पोरापर्यंत जातो. म्हणून प्रत्येक बाहेरच्या तुकडीबरोबर गल्ल्या पाठ असलेला एक स्थानिक बीट हवालदार द्यावा. बेळगावजवळच्या येळ्ळूरमध्ये जुलै २०१४ ला ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ हा फलक हटवताना जे झाले, त्यात फलक किती वेळा पाडला आणि किती वेळा उभा राहिला हे लोक विसरतील. पोलीस घरात घुसून मारत होते, हे विसरणार नाहीत. त्यानंतरचे खटले तर वर्षानुवर्षे चालले.

हे खटले कसे जन्माला येतात ते नीट बघण्यासारखे आहे, कारण दुसऱ्या दिवसाचे सगळे दुखणे त्या एका कागदात असते. फिर्यादीत आठ-दहा नावे असतात आणि शेवटी शब्द येतात : ‘व इतर १५० ते २०० अज्ञात इसम’. हे शब्द म्हणजे उघडे ठेवलेले दार आहे. पुढचे कित्येक महिने त्यातून कुणालाही आत ओढता येते. ज्याच्याशी जुने वैर आहे त्याला, मागच्या निवडणुकीत काम केले त्याला, किंवा कुणी तरी नाव घेतले म्हणून. गल्लीतली पोरे रात्री घरी झोपत नाहीत, पाहुण्यांकडे चंदगडला नाहीतर गोव्याला जातात. आई दारात बसून राहते. कायदाही या बाबतीत सैल आहे : पाच किंवा अधिक माणसे बेकायदा उद्देशाने जमली की बेकायदा जमाव, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम १९० प्रमाणे समान उद्देश असलेल्या जमावातल्या एकाने केलेल्या गुन्ह्याला सगळे जबाबदार. समान उद्देश होता की नुसती बघ्याची गर्दी, हे कोर्टात ठरायचे असते, पण तोपर्यंत जामीन आणि वकील यांतच घरातले सोने संपते. मोठ्या जमावाच्या खटल्यात एकाच साक्षीदाराच्या बोटावर न जाता दोन-तीन साक्षीदारांचा एकसारखा जबाब पाहावा, असा इशारा सर्वोच्च न्यायालयाने मसलती खटल्यात १९६४ सालीच दिला आहे.

उपाय गूढ नाही. फिर्यादीत ‘अज्ञात’ लिहिणे टळत नसेल तर नवीन नाव घालताना त्यामागचा पुरावा लिहायचा : कोणत्या कॅमेऱ्यातले, किती वाजताचे, कुणी ओळखले. दुकानांतल्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये चित्रण काही दिवसच राहते. डिस्क भरली की नवे जुन्यावर बसते. म्हणून पहिल्या दोन दिवसांत दारोदार जाऊन प्रती घ्यायच्या. नुसती पेन ड्राइव्हवर घेऊन भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा ठसा, लिहावी लागते. ते नसले की वर्षांनी वकील उठून हरकत घेतो आणि ज्याने खरोखर पेटवले तो मोकळा सुटतो. ओळख परेडही उशिरा झाली की तिला अर्थ राहत नाही, कारण तोवर सगळ्यांचे फोटो सगळ्यांच्या फोनवर आलेले असतात. घाईने शंभर जणांना आत टाकण्यापेक्षा पुराव्याने नऊ जणांना शिक्षा होणे गल्लीला जास्त पटते, मग ते नऊ आपले असले तरी.

आता पुन्हा त्या काचांकडे. पोलीस शिपाई पंचनामा लिहायला येतो तेव्हा दमलेला असतो, रात्रभर उभा असतो. ‘काका, इथं सही करा’ म्हणतो. कागद कन्नडमध्ये. काका सही करतात. आत काय लिहिले आहे? ‘अंदाजे नुकसान.’ पुढे एक गोल आकडा. कुठला माल, किती नग, कोणत्या किमतीचा, काही नाही. हा गोल आकडा पुढे सगळीकडे त्याचा घात करतो : विमा सर्व्हेअर त्यावर हसतो, कोर्ट तो मानत नाही, आणि शेजारच्या पाच दुकानांतही तोच आकडा असला की सगळेच खोटे वाटतात.

म्हणून क्रम असा ठेवावा. झाडू घेण्याआधी फोटो : आधी बाहेरून, पाटी आणि घर क्रमांकासकट, मग दारातून आत, मग एकेका मोडलेल्या वस्तूचा, जमल्यास फोनचे लोकेशन चालू ठेवून. आत आलेला दगड तिथेच ठेवावा, तो मुद्देमाल आहे. मग यादी : वस्तू, नग, खरेदीचे बिल. जीएसटीच्या खरेदी बिलांची नोंद पोर्टलवर सापडते, त्यामुळे वही जळाली तरी हातपाय गाळायचे कारण नाही. यादीच्या दोन प्रती करून एक पंचनाम्याला जोडायला सांगावी आणि ‘सोबत यादी’ असा उल्लेख पंचनाम्यातच करून घ्यावा. उल्लेख नसला तर जोडलेला कागद फायलीतून कधी गळतो कळत नाही. भाषा कळत नसेल तर वाचून दाखवायला सांगावे आणि तसे वाचून दाखवल्याची नोंद करून घ्यावी. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती त्याच दिवशी घ्यावी. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे, आणि सर्व्हेअर येईपर्यंत मोडलेले सामान भंगारात घालू नये.

विम्याचे दुर्दैव असे, की तो असतो आणि उपयोगी पडत नाही. छोट्या दुकानाला बँकेने कर्ज देताना आगीचा विमा उतरवलेला असतो, भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा सारखा. ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेला तो आहे आणि त्यात दंगलीचे नुकसान धरलेले आहे. दंगलीनंतर सात दिवसांच्या आत त्याच कारणाने झालेली चोरीही त्यात येते. पण पॉलिसीवर पत्ता दुकानाचा आणि माल मागच्या गल्लीतल्या गोदामात. किंवा तीन वर्षांपूर्वीचा स्टॉक धरून काढलेली रक्कम. कधी पॉलिसी बँकेच्या फायलीतच, मालकाला ठाऊकच नाही. आज संध्याकाळी बँकेतून त्याची प्रत मागवून पत्ता वाचायला पाच मिनिटे लागतात, आणि त्या पाच मिनिटांसाठी दंगलीची वाट बघायची गरज नाही.

गाड्यांचे अजून वेगळे. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर दगडाने फुटलेल्या काचेचा एक रुपयाही मिळत नाही. ओन डॅमेजसकट, म्हणजे स्वतःच्या गाडीचे नुकसान धरणारी, पॅकेज पॉलिसी असेल तर दंगल त्यात धरलेली असते, आणि काचेवर घसारा शून्य. म्हणजे कागदावर सगळी काच मिळते. तरी ट्रकमालक क्लेम टाकत नाहीत, कारण क्लेम टाकला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न टाकल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, जो २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असतो. हिशोब करून माणूस स्वतःच्या खिशातून काच बसवतो. त्यामुळे ही मोडतोड कुठल्याच आकडेवारीत येत नाही, आणि सरकार म्हणते, ‘किरकोळ घटना’.

६ डिसेंबर २०२२ ला बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगड पडले, आणि पुण्यात स्वारगेटला कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. दगड नंबरप्लेट बघून मारतात. एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर, केए २३ म्हणजे चिकोडी. पण ज्याला या हमरस्त्याची ओळख आहे त्याला माहीत आहे, की एमएच ०९ च्या ट्रकवर निपाणीचा ड्रायव्हर असू शकतो आणि केए २३ वर कागलचा. नंबरप्लेटला मातृभाषा नसते. आता त्या ड्रायव्हरने काय करायचे? जमावातून निसटून तो थेट सीमा ओलांडतो, आणि मग त्याला वाटते, गुन्हा कर्नाटकात घडला, आता तक्रार कशी देणार. देता येते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे घटना कुठेही घडलेली असो, कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर होतो आणि तो पुढे हद्दीच्या ठाण्याकडे जातो. कागलच्या ठाण्यात तो नोंदवून, गाडीची अवस्था तिथेच लिहून घेता येते. हे सांगणारा फलक कोगनोळी टोलनाक्यावर मराठी, कन्नड आणि हिंदीत लावला तर फार खर्च येणार नाही.

मग भरपाईचे काय. सार्वजनिक मालमत्तेसाठी १९८४ चा केंद्राचा कायदा आहे, कर्नाटकाचा स्वतःचा १९८१ चा आहे, त्यांत शिक्षा आहेत. खासगी दुकानदाराच्या हातात मात्र थेट काही पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये रस्ता दाखवला : उच्च न्यायालयाने क्लेम्स कमिशनर नेमावा, त्याने नुकसान मोजावे, वसुली नुकसान करणाऱ्यांकडून आणि कार्यक्रमाच्या आयोजकांकडून व्हावी. ऑगस्ट २०२० मध्ये बंगळुरात डीजे हळ्ळीला दंगल झाली तेव्हा कर्नाटक उच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती एच. एस. केंपण्णा यांना असे नेमले होते. म्हणजे राज्याला हे करता येते. सीमाभागात ते आपोआप व्हावे, दर वेळी कुणी याचिका घेऊन जाण्याची वाट बघू नये. इथे एक सावधगिरी हवी. नोटिसा पाठवून, खटल्याआधीच वसुली करायचा उत्तर प्रदेशचा प्रयोग सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही, २०२२ मध्ये त्या नोटिसा मागे घ्याव्या लागल्या. आणि जेसीबी हा तर भरपाईचा मार्गच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालाप्रमाणे पाडकामाला किमान १५ दिवसांची नोटीस लागते.

एक बारीक गोष्ट सीमाभागाला फार लागते. दहशतवादी, जातीय आणि नक्षली हिंसेत मेलेल्या किंवा कायमच्या अपंग झालेल्या नागरिकांसाठी केंद्राची मदत योजना आहे, ५ लाखांची. भाषेवरून झालेली हिंसा त्या यादीत नाही. डोके फुटलेल्याला काय फरक पडतो दगड धर्मावरून आला की भाषेवरून? पण फॉर्मवर फरक पडतो. मग उरते मुख्यमंत्री निधी, म्हणजे आमदाराच्या शिफारशीवर, म्हणजे पुन्हा आपला आणि परका. जखमींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पीडित भरपाईसाठी अर्ज करता येतो, हे फार कमी जण सांगतात.

पोरांच्या अंगावर पडलेल्या केसेस आणखी लांब जातात. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. पहाटे पाच वाजता धावणारी पोरे आजूबाजूच्या प्रत्येक गावात दिसतात. २०२२ मध्ये अग्निपथ जाहीर झाल्यावर तोडफोडीत भाग घेतला नसल्याचे उमेदवाराला लिहून द्यावे लागेल आणि पोलीस पडताळणी होईल, असे लष्कराने स्पष्ट केले. कोर्टात खटला चालू असेल तर पासपोर्टही अडतो, कोर्टाची परवानगी आणावी लागते. एकोणिसाव्या वर्षी मिरवणुकीच्या मागे उभा असलेला पोरगा पंचविशीत भरतीच्या वयाबाहेर जातो आणि तारखांना येत राहतो. त्याचा राग मावळलेला नसतो, फक्त त्याला नोकरी नसते. पुढच्या वेळी तो मागे उभा राहत नाही.

मग निवडणूक आली की ‘आंदोलकांवरच्या केसेस मागे’ असा ठराव येतो. त्याचा रस्ता आहे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६० : सरकारी वकिलाचा अर्ज, कोर्टाची संमती, आणि नव्या कायद्यात एक नवी अट, पीडिताचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय परवानगी नाही. ही अट सोन्याची आहे आणि ती कुणी वापरत नाही, कारण ज्याचे दुकान फुटले त्याला तारीख कळवतच नाहीत. केसेस सरसकट मागे घेणे आणि सरसकट चालवणे, दोन्ही आळशीपणाच. शरीराला इजा आणि आग लावणे एका गठ्ठ्यात ठेवा, घोषणा आणि गर्दी दुसऱ्यात. दुसरा गठ्ठा वर्षाच्या आत निकालात काढा. पहिला निवडणुकीच्या आधी काढू नका.

भाषेचा मुद्दा मी मुद्दाम इतका उशिरा घेतोय, कारण तो आधी घेतला की लोक वाचायचे थांबतात. ज्या भागात भाषिक अल्पसंख्य १५ टक्के किंवा अधिक असतील तिथे महत्त्वाच्या नोटिसा, नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, हे १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेपासून मान्य झालेले धोरण आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी राज्यघटनेच्या कलम ३५०ब प्रमाणे केंद्राचा अधिकारीही आहे. सीमाभागात हे धोरण म्हणजे हक्क की सवलत यावर साठ वर्षे वाद चालू आहे. मी म्हणतो, तो वाद चालू ठेवा, पण जमावबंदीचा आदेश, पांगण्याची सूचना, फिर्याद आणि पंचनामा यांपुरते तरी त्याकडे कायदा-सुव्यवस्थेचे हत्यार म्हणून बघा. कलम १६३ चा, म्हणजे जमावबंदीचा, आदेश मराठीत लावला म्हणून बेळगाव महाराष्ट्रात जात नाही. तो प्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि तो तिथेच सुटेल किंवा सुटणार नाही.

१४ डिसेंबर २०२२ ला केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बसवले. दोन्हीकडचे तीन-तीन मंत्री आणि कायदा-सुव्यवस्थेसाठी वरिष्ठ आयपीएस अधिकाऱ्याची समिती असे ठरले, बनावट ट्विटर खात्यांचाही विषय निघाला. वरच्या पातळीवरचे हे बरेच आहे. खालच्या पातळीवर हवी ती वेगळीच समिती : बेळगाव आणि कोल्हापूरचे दोन्ही एसपी, दोन्हीकडचे बसचे विभाग नियंत्रक, टोलनाक्याचा मॅनेजर आणि मार्केट यार्डातला एक अडत्या. शांतता समितीच्या बैठकीत नेहमी तेच पांढरे सदरे दिसतात. दगड मारणारे त्यांच्या ओळखीचेही नसतात.

बसचे विभाग नियंत्रक का, तर सगळ्यात आधी मोडते ते तेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ बसमध्ये भाषेवरून कंडक्टरला मारहाण झाली, प्रकरण चित्रदुर्गापर्यंत पोहोचले, तिथे महाराष्ट्राच्या एसटीच्या चालकाला काळे फासले गेले आणि दोन्ही राज्यांच्या गाड्या थांबल्या. २२ मार्चला कर्नाटक बंद झाला. गाड्या थांबतात तेव्हा एसटी कागलपर्यंत येते, कर्नाटकची गाडी कोगनोळीपर्यंत, आणि मधले अंतर माणसे पिशव्या घेऊन, मिळेल त्या रिक्षाने किंवा पायी कापतात. चंदगडच्या बाजूला तेच शिनोळीला. चंदगड तालुका नकाशात महाराष्ट्रात आहे, पण दवाखान्याला, कॉलेजला, लग्नाच्या खरेदीला तो बेळगावात येतो. ठरलेल्या वाराला डायलिसिसला यायचे असलेल्या माणसाला सीमाप्रश्न थांबवून ठेवता येत नाही. बेळगावातल्या वडगाव-खासबागच्या मागावर साडीमागे मजुरी मिळते, सूत आले नाही की त्या दिवसाची मजुरी नाही.

गाड्या सगळ्या बंद करायची गरज नसते. ठरावीक वेळेला, दोन-तीन गाड्या एकत्र, पुढे पोलिसांची गाडी, समोरच्या काचेला जाळी, आणि फक्त सीमेपर्यंत जाणाऱ्या छोट्या फेऱ्या, एवढे चालू ठेवता येते. ते होत नाही, कारण गाडी थांबवायचा निर्णय तोंडी होतो. ठाण्यातून डेपोत फोन जातो, डेपो मॅनेजर गाडी थांबवतो, आणि पुन्हा कधी सुटेल याची जबाबदारी कुणाच्याच नावावर राहत नाही. उद्या कोणत्या फेऱ्या आहेत, हे आदल्या संध्याकाळी सहापर्यंत दोन्ही भाषांत फळ्यावर लिहिले तर अर्धी गर्दी घरीच थांबेल.

गाड्या पुन्हा सुरू होतात त्या सकाळी पहिली फेरी जवळजवळ रिकामी जाते. दुसऱ्या फेरीला चार बायका चढतात, एखादा कॉलेजचा पोरगा, दवाखान्याची फाइल घेतलेला कुणी तरी. तिकीट घेता घेता प्रत्येक जण तेच विचारतो, परत यायला गाडी आहे का. कंडक्टरला ते माहीत नसते.